परातीतली साखळी

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, आणि इथल्या सराफ बाजारापासून हाकेच्या अंतरावर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला दागिन्यांतले थोडेफार कळत असणारच, असा समज मी स्वतःविषयी विनाचौकशी करून घेतला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धाकटी बहीण माहेरी येणार होती. "दरवर्षी विकतचेच काहीतरी हातावर ठेवतोस," असे ती फोनवर सहज म्हणाली आणि मी तितक्याच सहजपणे, यंदा स्वतः घडवलेली चांदीची साखळी देईन, असे बोलून बसलो. मेहुणे शेजारी बसून ऐकत होते, त्यामुळे माघारीची वाट तिथेच बुजली.

कागदावरचा हिशेब अगदी गोजिरवाणा होता. तार 1 मिलिमीटर जाडीची आणि कडीचा आतला व्यास 4 मिलिमीटर घेतला, तर एकमेकींत अडकल्यावर प्रत्येक कडी लांबीत 4 मिलिमीटरचीच भर घालते. म्हणजे 45 सेंटिमीटरच्या साखळीला 112 कड्या पुरतात. मी ऐटीत शुद्ध चांदीची तार मागितली, तेव्हा सराफांनी चष्म्यावरून पाहत सांगितले, की शुद्ध चांदी लोण्यासारखी असते, तिची कडी जरा ओढ बसताच तोंड उघडते. साडेब्याण्णव टंच न्या, उरलेल्या साडेसात भागांत तांबे असते आणि कणखरपणा त्याचाच असतो. त्यांनी 2 मीटर तार तोलून दिली, ती 16 ग्रॅमच्या किंचित वर भरली.

तार विणकामाच्या जाड सुईवर शेजारीशेजारी गुंडाळली आणि तिची देखणी स्प्रिंग झाली. इथवर मी कारागीर होतो. स्प्रिंग उभी कापण्यासाठी सोनारी करवत आणली, तिचे केसासारखे पाते पहिल्याच दिवशी पाच वेळा तुटले. कापलेल्या कड्या घरंगळू नयेत म्हणून मी स्वयंपाकघरातली पितळी परात पुढ्यात घेतली होती. आईने ती पाहिली, कड्या पाहिल्या, आणि "तुले दुसरा काही धंदा नही का?" एवढेच विचारून ती आत गेली.

कडी उघडणे ही गोष्ट कोणालाही शिकवावी लागत असेल, असे मला वाटले नव्हते. दोन पकडींनी दोन्ही टोके धरून मी ती सरळ बाहेरच्या बाजूंना ओढली, कडी उघडली, आणि मिटताना पुन्हा कधी गोल झाली नाही. तिचा आकार शेवटपर्यंत चावलेल्या शेवेसारखा राहिला. अशा बारा कड्या वाया गेल्यावर गल्लीतले एक निवृत्त सोनार आबा ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "अरे भाऊ, कडीचे तोंड फाडायचे नसते, दार उघडतो तशी उघडायची. एक टोक आपल्याकडे, एक पलीकडे." मिटवताना टोके जरा पुढेमागे झुलवत, एकमेकांना घासत आणायची, म्हणजे तार ताठरते आणि फट राहत नाही, हेही त्यांनीच दाखवले. त्यांच्या बोटांत हे काम इतके शांतपणे होत होते, की मला माझ्या पदवीची उगाचच लाज वाटली.

खरा छळ डाख देण्यात, म्हणजे लवकर वितळणाऱ्या धातूने कडीचा सांधा जोडण्यात होता. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो, आणि चैत्रातल्या जळगावात, पारा 44 अंशांवर असताना, भरदुपारी पंखा बंद करून हातात टॉर्च पेटवणाऱ्या माणसाविषयी शेजारी काय बोलत असतील, ते मी समजू शकतो. डाख जिकडे उष्णता जास्त तिकडे धावतो, म्हणून सगळी कडी सारखी तापवावी लागते. मी सांधा तेवढा तापवला, तर डाख शेजारच्या कडीत शिरला आणि दोघी जन्माच्या जुळ्या झाल्या. पुढे धीर करून ज्योत मोठी केली, तेव्हा तीन कड्या आकसून एक टपोरा थेंब झाल्या. निम्म्या कड्या आधी सुट्या डाखून घ्यायच्या आणि मग उरलेल्यांनी त्या जोडायच्या, हे आबांनी सांगितले, पण तोवर माझ्याकडच्या चांदीचा आणि उत्साहाचा बराच भाग जळून गेला होता. चिंचेच्या पाण्यात उकळून, रिठ्याने घासून जे उजळले ते 43 कड्यांचे, म्हणजे जेमतेम 17 सेंटिमीटरचे होते. गळ्याची साखळी मनगटावर आली.

हिशेब मात्र जुळेना. सराफ बाजारातली धूळ झाडून सोने शोधणाऱ्या झारेकऱ्यांप्रमाणे मी आठवडाभर घरातला केर चाळणीने चाळला, गोदड्या झटकल्या, तरी एक कडी कमीच भरत होती.

आखाजीला बहिणीने साखळी हातात घातली, झोक्यावर दोन झोके घेतले आणि "तुटली नाही रे!" असे आश्चर्याने ओरडली. मेहुणे आमरसात खापराची पुरणपोळी बुडवून जेवत होते. एकाएकी त्यांचा जबडा थांबला, त्यांनी दाताखालून काहीतरी काढले आणि शांतपणे ताटाच्या कडेला ठेवले. आईने परातीच्या दुमडलेल्या काठाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी वाकून निरखले. कडी सरळ ओढून उघडलेली होती, म्हणजे पहिल्याच दिवसाची.