अर्धा अंश

परवा दुपारी तासभर मी हातात बारीक सँडपेपर घेऊन कलादालनाच्या भिंतीवरून दुसऱ्याचा अंगठा घासत बसले होते. निळा अंगठा. रेषा इतक्या सुरेख उमटल्या होत्या की त्यावर एखादं खरेदीखत नोंदवून झालं असतं.

हस्तकलेचं प्रदर्शन होतं. टोपल्या, मातीची भांडी, लाकडी खेळणी, आणि माझं निळीत रंगवलेल्या सुताचं, भिंतीवर लावायचं विणकाम. ९० सेंटिमीटर रुंद, १२० उंच. कापड टांगताना त्यात खिळा मारायचा नसतो. मागून १० सेंटिमीटरचा नेफा शिवायचा, तोही किंचित सैल, नाहीतर दांडीचा फुगवटा पुढून दिसतो. कामाचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर, म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेच्या पातळीत. त्यात निम्मी उंची, ६०, मिळवायची आणि दांडी वरच्या काठाच्या ३ सेंटिमीटर खाली असेल तर तेवढे वजा करायचे. दांडी टेकणार २०२ वर. आकडे दोन्ही आकड्यांना (भिंतीतल्या म्हणतेय) तंतोतंत जुळले होते. लेव्हलचा बुडबुडा अगदी मधोमध. मी खूश.

मग काका आले.

"हे हातानं केलंय?"

"हो."

"मग इतकं सरळ कसं?"

मी हसले. काका पुढे सरकले, चष्मा कपाळावर चढवला आणि खालच्या काठाशी वाकले.

"इथं तिरकं आहे पण."

"हातानं केलंय ना, काका."

"अहो, आत्ताच तर म्हणालात सरळ आहे!"

मी नव्हते म्हणाले. पण तोवर काकांनी मोबाइल काढून काठाला लावला होता. मोबाइलमध्ये लेव्हल असते हे मला माहीत होतं. ती घेऊन लोक प्रदर्शनाला येतात हे नव्हतं. "अर्धा अंश!" काका एवढ्या जोरात म्हणाले की टोपल्यांपाशी उभी असलेली दोन माणसं अर्धा अंश बघायला आली.

आता खरं सांगायचं तर काका बरोबर होते, आणि तेच जास्त लागलं. मागावर सगळं ताणलेलं असतं, तेव्हा सगळं सरळच दिसतं. ताणा चढवताना एका बाजूचे उभे धागे जरा जास्त ओढले गेले की मागावरून उतरल्यावर ती बाजू जास्त आक्रसते. ९० सेंटिमीटरला ८ मिलिमीटर म्हणजे बरोब्बर अर्धा अंश. दांडी समतल, कापड तिरकं. हे मी काकांना समजावणार, एवढ्यात त्यांनी खालचा कोपरा धरून ओढला. दुरुस्ती म्हणून. नेफ्याचे तीन टाके सुटले.

"हात लावू नये" असा फलक होता. हल्ली लोक त्या फलकालाही हात लावून बघतात. म्हणून त्याच्या शेजारी मी त्याच सुताचा १५ सेंटिमीटरचा तुकडा मुद्दाम लटकवला होता: पोत बघायचा तर इथं बघा. हा उपाय एरवी चांगला चालतो. काकांनी त्याने मोबाइलची काच पुसली.

नीळ हा विचित्र रंग आहे. पिंपात असताना हिरवट-पिवळा, पाण्यात विरघळलेला. हवा लागली की निळा होतो आणि पाण्यात विरघळायचं सोडतो. धाग्याशी त्याचं पक्कं नातं जुळत नाही, तो कण होऊन बसून राहतो. गडद छटेसाठी पुन्हा पुन्हा बुडवलं की वरचे थर सैल राहतात. कितीही खळबळा, थोडा घासून निघतोच, आणि ओल्या बोटाला जास्त. काकांच्या अंगठ्याला घाम होता. सरळ उभं राहताना त्यांनी तो भिंतीला टेकवला.

मीही घाईत ओल्या फडक्याने पुसायला गेले. तसं करू नये, डाग पसरतो. आधी कोरडा खोडरबर. रबराने न निघालेला अंगठा मग सँडपेपरने काढावा लागला आणि त्यावर रंगाचा हात द्यावा लागला. नवा पांढरा जुन्या पांढऱ्याशी कधीच जुळत नाही, त्यामुळे आता माझ्या कामाशेजारी एक लख्ख चौकोन आहे, आणि लोक तोच आधी बघतात.

खरा राग काकांचा नाही. भिंतीला झालेलं नुकसान सहभागी कलाकाराने भरून द्यावं, असं समितीच्या अर्जात अकराव्या कलमात लिहिलंय. काम आमचं, दांडी आमची, आकडे आमचे, लेबल आमचं, दिवसभर राखण आमची. येणाऱ्याचा अंगठाही आमचाच. सुटलेल्या टाक्यांसाठी मात्र एकही कलम नाही, मी दोनदा वाचलं.

समितीला हे कळलं अभिप्राय वहीतून. त्या दिवशीच्या पानावर एकच नोंद होती: "रंग पक्का नाही. काम तिरके. भिंतीही अस्वच्छ." खाली नाव नव्हतं, सही नव्हती. फिकट निळा अंगठा होता.