गार पाण्याने मुलांच्या मेंदूच्या नसा फुटत नाहीत

गेले काही दिवस सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. खाली ‘ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ’ एवढाच हवाला. नाव नाही, दवाखाना नाही. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पाळणाघरं आणि बालवाड्या उन्हाळ्यात ‘पाणीखेळ’ म्हणून मुलांना भिजवतात, ते ताबडतोब बंद करायला लावा. पारा चाळिशीपार असताना तापलेल्या अंगावर गार पाणी पडलं की मेंदूची नस फुटते आणि लकवा होतो. भिजल्याने सर्दी होते आणि सर्दीचा न्यूमोनिया. नाकात थोडं पाणी गेलं तरी मूल तीन दिवसांनी झोपेत ‘कोरडं बुडून’ दगावतं. पाण्यात डुंबून शिक्षण होत नाही. आणि सोलापुरात प्यायला पाणी नसताना ही उधळपट्टी कशाला? शेवटी, ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा.’

माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला. ती नोकरी करते, तिचा तीन वर्षांचा मुलगा विजापूर रोडवरच्या एका पाळणाघरात असतो. तिने तिथल्या ताईंना सांगितलं, माझ्या मुलाला पाण्यात घेऊ नका. मागोमाग आणखी काही आयांनी तेच सांगितलं. ताईंनी सकाळचा पाण्याचा खेळच बंद करून टाकला. आता ती सगळी मुलं पत्र्याखालच्या खोलीत पंख्याच्या गरम वाऱ्यात बसून असतात. मी स्वतः पूर्व भागातल्या एका बालवाडीत शिकवते. आमच्याकडच्या आया दिवसभर विड्या वळतात, त्यांच्या मोबाइलवरही हाच मेसेज आलाय. म्हणून हे लिहायला बसले.

नस फुटण्याचा मुद्दा आधी घेते, कारण तो नुसता खोटा नाही, त्याने जीव जाऊ शकतो.

गार पाणी लागलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. फुटत नाहीत. कोमट किंवा गार पाण्याने भिजलेल्या धडधाकट मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होतो, असं कुठल्याही वैद्यकशास्त्रात नाही. उलट अंगात उष्णता साठून शरीराचं तापमान ४० अंशांपुढे गेलं, मूल गुंगीत गेलं, बरळायला लागलं किंवा त्याला झटके आले, तर तो उष्माघात असतो. तिथे पहिला उपचार एकच, ते अंग लवकरात लवकर गार करणं. उशीर होईल तसा मेंदू, यकृत, मूत्रपिंडं यांना धोका वाढत जातो.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेच्या लाटेबद्दलच्या सूचना कुणालाही वाचता येतील. ऊन लागलेल्या माणसाला सावलीत, गार जागी झोपवा, ओल्या कापडाने पुसा, अंग वारंवार धुवा, डोक्यावर साधं पाणी ओता, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मुख्य गोष्ट शरीराचं तापमान खाली आणणं ही आहे, हेही तिथेच आहे. निरोगी माणसांसाठी त्याच सूचनांमध्ये पंखा, ओलसर कपडे आणि थंड पाण्याने वारंवार आंघोळ यांचा सल्ला आहे. म्हणजे देशाची आपत्ती यंत्रणा जे करा म्हणते, नेमकं तेच हा बिननावाचा डॉक्टर करू नका म्हणतो.

आता विचार करा. मे महिन्यात दुपारी एखादं मूल उन्हातून येऊन कोसळलं. अंग तव्यासारखं तापलंय. शेजारी बादली भरलेली आहे, पण त्या आईने हा मेसेज वाचलाय. ती पाणी ओतायला घाबरेल, रिक्षा शोधायला धावेल. गार करण्याची मोलाची मिनिटं तिथेच जातील. हा मेसेज पुढे ढकलताना कुणी एवढा विचार केला का?

आपली हवा कोरडी आहे, हेही लक्षात घ्यावं. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर जातो तेव्हा बाहेरची हवा कातडीपेक्षा गरम असते. कोरड्या अंगावर पंखा लावला तर तो गरम वाराच अंगावर मारतो. तेच अंग ओलं असलं तर पाणी भराभर उडतं आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. वाळ्याचे पडदे लावलेला कूलर सोलापुरात छान चालतो तो याच कारणाने. लहान मुलांना तर याची गरज मोठ्यांपेक्षा जास्त. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा पसारा मोठा असतो, त्यामुळे बाहेरची उष्णता ती लवकर ओढून घेतात, आणि त्यांना घामही कमी येतो.

नस फुटण्याच्या मुद्द्यात तथ्याचा कण आहे, तो नाकारत नाही. १५ अंशांखालच्या बर्फगार पाण्यात एकदम उडी घेतली तर श्वास अडकतो, छातीचे ठोके वाढतात, हृदयविकार असलेल्याला ते महागात पडू शकतं. पण मे महिन्यात आपल्या नळाला, हौदाला, टाकीला १५ अंशांचं पाणी कुठून येणार? आपल्याकडे भीती उलटी आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी इतकं तापतं की मुलाची कोवळी कातडी पोळेल. पाणीखेळाला पाणी सकाळीच भरून सावलीत ठेवायचं आणि मुलांना हात लावू देण्याआधी आपल्या मनगटावर घेऊन बघायचं. जपायचंच असेल तर याला जपा.

सर्दीचं एका वाक्यात सांगता येईल: ती विषाणूंनी होते, ओल्या केसांनी नाही. न्यूमोनियासुद्धा जंतूंनीच होतो. मूल तापाने फणफणलंय, नाक वाहतंय, जुलाब होताहेत, तर त्याला त्या दिवशी इतरांबरोबर एका टबात घालू नका. कारण भिजणं नाही, एकाचं दुसऱ्याला लागणं आहे.

‘कोरडं बुडणं’ मात्र नीट सांगायला हवं, कारण माझी बहीण सगळ्यात जास्त यालाच घाबरली. मूल पाण्यातून हसत-खेळत बाहेर आलं, तीन दिवस नीट जेवलंखाल्लं आणि मग झोपेत गेलं, असं बुडण्यामुळे होत नाही. बुडण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी २००२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या जागतिक परिषदेत बुडण्याची एक व्याख्या ठरवली आणि ‘कोरडं बुडणं’ वगैरे शब्द वापरू नयेत असं सांगितलं. पाणी खरंच छातीत गेलं असेल तर मूल खोकत राहतं, धाप लागते, सुस्तावतं, ओठ निळसर पडतात, आणि हे काही तासांतच दिसतं. असं दिसलं तर तडक दवाखाना गाठा. ठसका लागून दोन मिनिटांत पुन्हा खेळायला लागलेल्या मुलासाठी रात्र जागून काढायची गरज नाही.

पण बुडण्याची खरी भीती या मेसेजमध्ये कुठे आहेच नाही. लहान मूल काही इंच पाण्यात बुडू शकतं, आणि तेही आवाज न करता. बादलीत डोकं खाली जाऊन अडकलं तर दीड-दोन वर्षांच्या मुलाला ते वर काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली मुलं होती. म्हणून पाणीखेळ चालू असताना एक मोठं माणूस फक्त पाण्याकडे बघत बसलेलं हवं. मोबाइल नको, भाजी निवडणं नको, फाटकावर पालकांशी गप्पा नकोत. खेळ संपला की पाणी त्याच क्षणी ओतायचं आणि टब पालथा. याबाबत मी कुठल्याही पाळणाघराला सूट देणार नाही. पण याच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुलं बुडू नयेत म्हणून सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पाळणाघरांसारखी देखरेखीची सोय करा, असं म्हटलंय. सोलापुरात घरोघरी पाणी भरलेले बॅरल, हौद, घागरी असतात. आई विड्या वळताना पाठीमागे उघडा हौद असतो. त्या मानाने ताईंच्या नजरेसमोरचं चार बोटं पाणी मुलासाठी सुरक्षित आहे.

पाण्यात शिक्षण नाही म्हणणाऱ्यांनी एक सकाळ येऊन बघावं. माँटेसरी पद्धतीत एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं हा मुलाच्या हाताला वळण लावणारा ठरलेला पाठ आहे. आमच्याकडे मुलं ओल्या पायांनी शहाबादी फरशीवर ठसे उमटवतात आणि ते वाळून नाहीसे होताना बघत बसतात. रंगाचे जुने ब्रश पाण्यात बुडवून भिंत रंगवतात. झाकण बुडतं की तरंगतं यावर भांडतात. एरवी घरच्या तेलुगूशिवाय न बोलणारी एक चिमुरडी ‘ओत, ओत, अजून ओत’ हे मराठी टबाशीच शिकली.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि इथे मला गप्प बसावं लागतं. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असूनही शहरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-चार दिवस वाट बघायची, रात्री-अपरात्री उठून भरायचं, हे माझ्याही घरी आहे. नळाला पाइप लावून मुलांवर फवारे मारणारं कुणी असेल तर त्याला जरूर बोला. पण पंधरा मुलांना दोन पसरट टब, थोडे मग, गाळण्या, स्पंज एवढं पुरतं. दोन-तीन बादल्यांत भागतं आणि तेच पाणी नंतर आवारातल्या कडुनिंबाला जातं. वापरायचं मात्र स्वच्छ पाणीच, कारण मुलं ते पितातच, कितीही ओरडा. आणि उरलेलं पाणी उद्यासाठी टबात ठेवायचं नाही. साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो.

मेसेजमध्ये एक ओळ अशीही आहे की मुलांना भर उन्हात खेळवतात. तसं कुणी करत असेल तर ते चूकच आहे. आपत्ती प्राधिकरणही १२ ते ३ उन्हात जाऊ नका म्हणतं, आणि सोलापूरच्या मे महिन्यात मी तर म्हणेन की साडेदहानंतर अंगण नकोच. सकाळी नऊच्या सुमाराला, झाडाच्या सावलीत, सुती कपड्यांत अर्धा तास खेळ. मग अंग पुसून, कोरडे कपडे घालून, वाटीभर ताक किंवा लिंबू-पाणी. बहिणीला मी हेच विचारायला सांगितलंय: पाणी कधी भरता, सावली कुठे आहे, आणि बघत कोण बसतं? ताईंकडे या तिन्हींची उत्तरं असतील तर सोमवारपासून मुलाला पाण्यात जाऊ दे.