‘ओटीपी कुणाच्या बापाला दिसणार नाही’ म्हणे!

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला तीनदा आला. आधी ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग ऑफिसच्या, आणि शेवटी ठाण्याच्या मावशीकडून. मजकूर थोडक्यात असा: गुगल काढून ग्राफीनओएस किंवा लिनिएजओएस (अँड्रॉइडवरच बेतलेल्या पर्यायी सिस्टिम) टाकलेल्या फोनवर ओपन सोर्स एसएमएस ॲप घ्या. मेसेज एन्क्रिप्ट होतात, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येत नाहीत. ॲपला इंटरनेट लागत नाही, म्हणून हॅक होत नाही. कोड उघडा असतो, त्यामुळे दगाफटका शक्य नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे सिग्नल या चॅट ॲपलाच डिफॉल्ट एसएमएस ॲप करा. ओटीपी कुणाच्या बापाला दिसणार नाही. आणि खाली ठळक सूचना: ॲप बदललं की जुने मेसेज उडतात, आधी बॅकअप घ्या.

मी स्वतः असाच फोन वापरते आणि ओळखीतल्या चारचौघांना टाकूनही दिलाय. त्यामुळे ओपन सोर्सशी माझं वाकडं असायचं कारण नाही. पण असल्या फॉरवर्डमुळे लोक नको तिथे निर्धास्त होतात.

‘मेसेज एन्क्रिप्ट होतात’ हे सरळ चूक आहे. एसएमएस तुमच्या फोनमधून निघून मोबाइल कंपनीच्या मेसेज सेंटरमध्ये जातो, तिथे थांबतो आणि समोरचा फोन रेंजमध्ये आला की पुढे सरकतो. तिथे तो साध्या, वाचता येणाऱ्या मजकुरात असतो. डिसेंबर १९९२ मध्ये ‘मेरी ख्रिसमस’ असा पहिला एसएमएस गेला तेव्हाही हे असंच होतं, आजही असंच आहे. तुमचं ॲप फक्त आलेला मेसेज दाखवतं आणि लिहिलेला हवाली करतं. पोस्टकार्ड गोदरेजच्या कपाटात ठेवलं म्हणून वाटेत ते कुणी वाचलं नसेल असं होत नाही.

एन्क्रिप्टेड एसएमएसचे प्रयत्न झाले, नाही असं नाही. सिग्नलचा पूर्वावतार टेक्स्टसिक्युअर ते करायचा, पण २०१५ मध्ये त्याने ते सोडून दिलं. त्यात दोन्हीकडे तेच ॲप असावं लागायचं, आणि कुणी कुणाला कधी मेसेज केला हे कंपनीला तरीही दिसायचंच. तुमची बँक काही तसलं ॲप घेऊन बसलेली नाही.

इंटरनेटचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. फोसिफाय मेसेजेससारखं ओपन सोर्स ॲप इंटरनेटची परवानगीच मागत नाही, म्हणजे ते स्वतःहून तुमचे मेसेज कुठे पाठवू शकत नाही. ही किरकोळ गोष्ट नाही. २०२२ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक डग्लस लीथ यांनी दाखवून दिलं होतं की गुगलचं मेसेजेस ॲप मेसेज कधी आला-गेला याची नोंद आणि मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला सांकेतिक ठसा) गुगलकडे पाठवत होतं. साध्या अँड्रॉइडवर एखाद्या ॲपचं इंटरनेट तोडायचं बटणच मिळत नाही, ग्राफीनओएसमध्ये ते मिळतं. तेव्हा ॲप बदलण्यात फायदा आहेच, पण त्याने फक्त त्या एका ॲपचं तोंड बंद होतं. बाकीच्यांचं काय?

इथेच ओटीपीची गोष्ट येते. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांनी फॉरवर्ड वाचून माझ्याकडून नवीन ॲप टाकून घेतलं. खूश होते. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून वाशी लोकलमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. काका काहीतरी पेमेंट करत होते. रबाळे गेलं आणि त्यांच्या मनगटावरचं स्वस्तातलं स्मार्टवॉच थरथरलं. त्याच्या पडद्यावर सहा आकडे ठसठशीत! मला उलटे दिसत होते, शेजारच्या माणसाला सुलटे.

घड्याळाच्या ॲपला नोटिफिकेशन वाचायची परवानगी दिलेली होती. मेसेजचं ॲप कितीही सोवळं असलं तरी त्याने नोटिफिकेशन दाखवलं की ते या घड्याळवाल्याच्या हातात पडतं, आणि त्याला इंटरनेट मोकळं असतं. मग मी काकांच्या फोनच्या परमिशन मॅनेजरमध्ये एसएमएसची यादी उघडली. झटपट कर्जाचं एक ॲप, एक कुरिअरचं आणि कधीकाळी टाकलेलं एक टॉर्चचं. टॉर्चला एसएमएस कशाला वाचायचे असतात, हे काकांनाही सांगता येईना.

ही परवानगी असली की कुठलंही ॲप तुमचे सगळे एसएमएस वाचू शकतं, कारण अँड्रॉइडमध्ये एसएमएस त्या-त्या ॲपच्या पोटात नसतात, सिस्टिमच्या एका सामाईक साठ्यात असतात. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून त्या साठ्यात लिहायचा हक्क फक्त डिफॉल्ट ॲपला असतो, वाचायला मात्र परवानगी पुरते. शिवाय कुणी तुमच्या नावावर डुप्लिकेट सिम काढलं तर ओटीपी थेट त्याच्याच फोनवर जातो. तिथे तुमचं ॲप काय करणार, कपाळ?

याच सामाईक साठ्यामुळे शेवटची ठळक सूचनाही निकालात निघते. ॲप बदलल्याने जुने मेसेज उडत नाहीत, नव्या ॲपमध्ये सगळे जसेच्या तसे दिसतात. दोन-तीन ॲप खुशाल टाकून बघा. मेसेज उडतात ते नवी रॉम, म्हणजे फोनची अख्खी सिस्टिमच, टाकताना, कारण त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक केला की फोन कोरा होतो. बॅकअप तेव्हा हवा. ॲप बदलल्याने यूपीआयही अडत नाही: सिमची खातरजमा करायला ते ॲप स्वतःच एसएमएस पाठवतं, डिफॉल्ट कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कस्टम रॉमवर काही बँकांची ॲप अडून बसतात, पण तो दोष रॉमच्या माथी.

‘कोड उघडा म्हणजे दगा नाही’ हेही खरं नाही. सिंपल एसएमएस मेसेंजर हे लोकांचं आवडतं ओपन सोर्स ॲप होतं. २०२३ च्या अखेरीस तो सगळा सिंपल मोबाइल टूल्सचा संचच झिपोॲप्स या कंपनीला विकला गेला. कोड उघडा असल्याचा उपयोग त्यानंतर झाला. लोकांनी जुना कोड उचलून फोसिफाय उभं केलं. क्यूकेएसएमएस या दुसऱ्या ओपन सोर्स ॲपचं काम थंडावलं तेव्हा त्याच कोडवरून क्विक निघालं. म्हणून ‘ओपन सोर्स’ ही पाटी वाचून थांबू नका, शेवटचं अपडेट कधीचं आहे तेही बघा.

सिग्नलबद्दल एवढंच, की त्यांनी अँड्रॉइडवरचा एसएमएस काढून टाकत असल्याचं ऑक्टोबर २०२२ मध्येच जाहीर केलं. फॉरवर्ड शिळा आहे. घरच्यांशी बोलायला सिग्नल जरूर वापरा, पण बँकेचा मेसेज तिथे येणार नाही.

काकांच्या फोनवर शेवटी फोसिफायच ठेवलं. त्या तिन्ही ॲपची एसएमएस परवानगी काढली, लॉक स्क्रीनवर मजकूर दिसणं बंद केलं. मराठीत लिहिताना एका एसएमएसमध्ये ७०च अक्षरं मावतात आणि नुसत्या ‘श्री’चीच चार मोजली जातात, हेही सांगून ठेवलं, कारण त्यांना लांबलचक लिहायची सवय. घड्याळाची परवानगी काढायला मात्र बरीच मनधरणी करावी लागली. परवा लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मनगट पुढे करून म्हणाले, “आता यात फक्त वेळच दिसते गं.”