शेखाडीची भीती आणि हापूसची पेटी

श्रीवर्धनकडे कस्टमचे नियम सोपे करण्याचा विषय निघाला की कुणीतरी शेखाडीचं नाव घेतंच. १९९३ मध्ये मुंबई हादरवणारं आरडीएक्स तिथल्या किनाऱ्यावर उतरलं होतं. त्यासाठी आमच्या भागाने वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली, म्हणून "ढिलाई केलीत तर पुन्हा तेच होईल" ही गावची भीती मी झटकून टाकत नाही. पण त्या खटल्यात शिक्षा झालेल्यांमध्ये कस्टमचे अधिकारीही होते. माल उतरला तो कागद कमी होते म्हणून नाही, तर ज्यांनी बघायचं त्यांनीच लाच घेऊन डोळे मिटले म्हणून. त्यानंतर कोकणातल्या प्रामाणिक निर्यातदाराकडून आणखी चार दाखले मागून ते डोळे उघडणार कसे?

मी दुबईत मालवाहतुकीच्या धंद्यात आहे. इथलं जेबेल अली बंदर चालवणाऱ्या डीपी वर्ल्डची टर्मिनल्स उरणजवळ न्हावा शेवालाही आहेत. म्हणजे क्रेन चालवायचं ज्ञान दोन्हीकडे सारखंच. गावी मात्र चर्चा घुटमळते ती नवी जेट्टी, मोठं बंदर यांच्याभोवती. माझ्या मते खरी गाठ कागदात आहे.

भारतात काहीच हललं नाही, असं इथले काही मित्र म्हणतात. ते मला पटत नाही. जोखीम पाहून निवडक कंटेनर तपासायची पद्धत आपल्याकडे २००५ पासून आहे. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार भारताने २०१६ मध्ये मंजूर केला आणि त्याच वर्षी आयातीसाठी एकखिडकी यंत्रणा आली. २०२० पासून बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टमला द्यायचं विवरणपत्र, तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. परदेशी व्यापारासाठी लागणारा आयात-निर्यात कोड पाचशे रुपयांत, घरबसल्या मिळतो. हे सगळं चांगलंच झालं.

आणि "दुबईसारखं सगळं मोकळं करा" हेही मला मान्य नाही. दुबई जगते ती इकडचा माल तिकडे पाठवून. तिला कोकणासारख्या बागा सांभाळायच्या नाहीत. २०१४ मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला, आणि पॅकहाउसमधली, म्हणजे फळं निवडून पेट्या भरतात तिथली, तपासणी सुधारल्यावरच २०१५ मध्ये तो पुन्हा घेतला. तपासणी नसती तर ते दार आजही बंदच राहिलं असतं.

माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण करून, म्हणजे कीड मारण्यासाठी किरणांचा मारा करून, अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा तिथल्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. आंब्यात कीड सापडली नव्हती, विकिरणाच्या फॉर्ममध्ये त्रुटी काढली होती. परत आणणं परवडेना म्हणून निर्यातदारांनी तो माल तिथेच नष्ट करायला दिला. चूक विकिरण केंद्रात झाली, असं ते सांगत होते. फॉर्म ते भरत नाहीत, त्यावर सहीही त्यांची नसते. तरी बुडाले तेच. हापूस काही वाट पाहत नाही हो! पिकायला लागलेली पेटी आणि साहेबाच्या टेबलावरचा कागद यांचं घड्याळ एक नसतं. रत्नागिरीच्या बागेतून मुंबई-गोवा महामार्गाचे तीनशेहून अधिक किलोमीटर खड्डे आणि वळणं सोसून आलेलं फळ एका फॉर्मपायी कचऱ्यात जावं, हे मला सहन होत नाही.

मोठा निर्यातदार असा फटका पुढच्या हंगामात भरून काढतो. त्याच्याकडे सीएचए, म्हणजे कस्टमची कामं करणारा एजंट, असतो, वकील असतो. दापोलीचा दोन एकरवाला मात्र एकदा बुडाला की पुन्हा दलालाच्याच दारात जातो, आणि दलाल देईल तो भाव घेतो. मग अमेरिकेत काय दर लागला, याचं त्याला काय?

म्हणून दाखले कमी करण्याइतकीच मला आणखी एक तरतूद महत्त्वाची वाटते. फॉर्म पेटी विमानात चढण्याआधी दुसऱ्या माणसाने तपासावा, त्रुटी सापडली तर काही तासांत दुरुस्त व्हावी, आणि चूक फॉर्म देणाऱ्या कार्यालयाची ठरली तर मालाची किंमत त्या कार्यालयाने भरावी. पैसे स्वतःच्या खात्यातून जाणार म्हटल्यावर सही करणारा कागद नीट वाचेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बागायतदारांनी पुढचा मोहोर धरायच्या आत एवढी एक गोष्ट लेखी मागून घ्यावी. जेट्टीची मागणी त्यानंतर केली तरी चालेल.