शिळ्या पॅकेटला ऊत

रिप्ले अटॅक करणाऱ्याइतका आळशी चोर दुसरा नसेल. तो कुलूप तोडत नाही, किल्ली बनवत नाही, आत काय लिहिलंय ते वाचायच्या भानगडीतही पडत नाही. घरून काम करणाऱ्या कुणाचं तरी एक पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून धावणारं माहितीचं छोटं गाठोडं, वाटेत टिपतो, खिशात ठेवतो आणि थोड्या वेळाने जसंच्या तसं पुन्हा पाठवून देतो. त्यात 'दार उघड' असा निरोप असेल, तर तो त्याला स्वतःला वाचता येत नाही. पण सर्व्हरला येतो, आणि सर्व्हर बिचारा आज्ञाधारक. उघडतो दार.

'पण आमचं सगळं एन्क्रिप्टेड आहे!' असं यावर हमखास कुणीतरी म्हणतं. असेल ना. एन्क्रिप्शन म्हणजे चिकटवलेला लिफाफा, आणि इथे लिफाफा न उघडता त्याची झेरॉक्स निघते. ती मूळ प्रतीपेक्षा काडीइतकीही वेगळी नसते. वरची सहीसुद्धा खरीच, कारण ती खऱ्या माणसाने केलेली. तेव्हा इलाज एकच: कोणतं पॅकेट येऊन गेलं ते घेणाऱ्याने लक्षात ठेवायचं. आमचं, म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्यांचं, दुखणं सुरू होतं ते इथूनच. ज्याला सगळं आठवतं तो संशय घेतो, आणि पहिला संशय घरच्यांवरच.

आयपीसेकचा, म्हणजे घर ते ऑफिस असा एन्क्रिप्टेड बोगदा (व्हीपीएन) बांधणाऱ्या एका पद्धतीचा, पहारेकरी घ्या. प्रत्येक पॅकेटला अनुक्रमांक असतो आणि पहारेकऱ्याकडे एक खिडकी असते, बहुतेक ठिकाणी ६४ क्रमांकांची. समजा, आतापर्यंत आलेला सर्वांत मोठा क्रमांक ५०००. म्हणजे खिडकीत ४९३७ ते ५००० एवढे क्रमांक. ४९९० पहिल्यांदाच आला तर या, बसा. तोच ४९९० पुन्हा आला तर चालता हो. आणि ४९३६ आला तर? तो बिचारा आयुष्यात पहिल्यांदाच दारात आलाय, पण खिडकीच्या बाहेर पडला. त्यालाही हाकलतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. ५००१ आला की आधी त्याची सही तपासायची आणि मगच खिडकी पुढे सरकवायची. हा क्रम उलटा केला, तर कुणीही ९० लाख क्रमांकाचं बनावट पॅकेट टाकेल, खिडकी तिकडे धावेल आणि खरी पॅकेटं सगळी मागासलेली ठरतील.

६४ ही संख्या ऐकायला ऐसपैस वाटते. हिशेब करून बघा. १०० एमबीपीएसची लाइन, पॅकेट साधारण १४०० बाइटचं. सेकंदाला जवळजवळ ८,९०० पॅकेटं झाली. म्हणजे ६४ पॅकेटं सात मिलिसेकंदांत संपली! एखादं पॅकेट वाय-फायच्या गर्दीत आठ मिलिसेकंद रेंगाळलं तर ते गुन्हेगार. आठ मिलिसेकंदांचा उशीर मला तरी गुन्हा वाटत नाही. खिडकी १०२४ ची केली तर हाच अवधी ११५ मिलिसेकंदांवर जातो, आणि त्यासाठी जादा स्मृती किती लागते? दर पॅकेटमागे एक बिट. एकूण १२८ बाइट. हजार कर्मचारी धरले तरी सव्वा लाख बाइटांच्या आसपास. एवढ्यासाठी हात आखडणारे लोक आहेत, आणि तेच पुढे 'व्हीपीएन स्लो आहे' म्हणून मोठा बॉक्स विकत घेतात.

याहून मासलेवाईक प्रकार म्हणजे मीटिंग झकास चालते, आवाज स्वच्छ येतो, पण फाइल काही केल्या पुढे सरकत नाही. सगळे फाइल सर्व्हरच्या मागे लागतात. खरी भानगड अशी: राउटरने आधी पॅकेटांना क्रमांक दिले, मग रांगेत उभं केलं, आणि मग आवाजाच्या पॅकेटांना 'तुम्ही मानकरी, तुम्ही पुढे व्हा' म्हणून रांग मोडू दिली. फाइलची शंभर पॅकेटं रांगेत ताटकळत असताना आवाजाचं एकच पॅकेट पुढे निघून गेलं, की पलीकडची खिडकी शंभर घरं पुढे सरकली. मागून फाइलवाले पोहोचतात तोवर त्यांतले पहिले छत्तीस-सदतीस बाद. टीसीपीला, म्हणजे फाइलची ने-आण सांभाळणाऱ्या प्रोटोकॉलला, वाटतं रस्त्यावर कोंडी झाली, म्हणून तो आणखी हळू चालतो. इलाज सोपा: खिडकी वाढवा, किंवा मान-पान क्रमांक देण्यापूर्वीच उरका. आवाज आणि फाइल यांना वेगवेगळे बोगदे, म्हणजे वेगवेगळे क्रमांक दिले, तरी भांडण मिटतं.

आणि क्रमांकसुद्धा संपतात बरं का. ३२ बिटांत ४ अब्ज २९ कोटी बसतात. वरच्याच वेगाने सतत ओतलं, तर साडेपाच दिवसांत गाडी शेवटच्या घरात. एक जीबीपीएसवर तेरा-चौदा तासांत. पुन्हा शून्यापासून मोजायला लागायचं नाही, त्याआधी किल्ली बदलायची किंवा ६४ बिटांचे वाढीव क्रमांक चालू करायचे. हाताने किल्ली लिहून ठेवणाऱ्यांना यातलं काहीच मिळत नाही. त्यांनी तो नाद सोडलेला बरा.

ओपनव्हीपीएन या दुसऱ्या व्हीपीएनची खिडकीही मुळात ६४ चीच, वर १५ सेकंदांची मुदत. फरक एवढाच की हा पहारेकरी बडबड्या. लॉगमध्ये 'बॅड पॅकेट आयडी, मे बी अ रिप्ले' असं लिहून ठेवतो. त्या 'मे बी'ने आजवर किती झोपा उडवल्या असतील! वाय-फायवर हा इशारा बहुधा खोटा असतो, हे खुद्द त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय, आणि इशारे गप्प करणारा पर्यायही शेजारीच ठेवलाय. तो लगेच लावू नये. आधी ओळी वाचा. एकाच माणसाचे, एकमेकांना खेटून असलेले क्रमांक आणि तेही त्याचं वाय-फाय रडत असताना आले, तर ते वाय-फायचंच रडणं. तासाभरापूर्वीचेच क्रमांक वेगळ्याच पत्त्यावरून आले, तर मात्र चहा बाजूला ठेवा.

वायरगार्ड हा तिसरा व्हीपीएन त्यामानाने शहाणा. क्रमांक ६४ बिटांचे, खिडकी हजारोंची, दर दोन मिनिटांनी नवी किल्ली. पण त्याचं नाजूक दुखणं घड्याळात आहे. ओळखीच्या पहिल्या निरोपात तो वेळ लिहून पाठवतो, आणि सर्व्हर प्रत्येकाची शेवटची वेळ लक्षात ठेवतो. त्याहून जुनी वेळ आली की निरोप केराच्या टोपलीत. 'नाही' असंही म्हणत नाही, नुसता गप्प. आता घरातला छोटा राउटर घ्या, ज्याच्या घड्याळाला बॅटरीच नाही. वीज गेली, आली, आणि तो जागा झाला तो थेट गेल्या वर्षात. बोगदा बांधायला खरी वेळ हवी, आणि वेळ आणायचा रस्ता बोगद्यातूनच नेलेला! दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात. म्हणून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीची वाहतूक, म्हणजे यूडीपी पोर्ट १२३, बोगद्याबाहेरून जाऊ द्यावी, आणि राउटरने अधूनमधून वेळ फाइलमध्ये लिहून ठेवावी.

याची उलटी बाजू अधिक छळते. घड्याळ चुकून दोन वर्षं पुढे गेलं तर जोडणी बिनबोभाट होते. मग कुणीतरी प्रामाणिकपणे घड्याळ दुरुस्त करतं, आणि त्या क्षणापासून सर्व्हरच्या लेखी हा माणूस दोन वर्षं जुना. एकतर दोन वर्षं थांबा, नाहीतर सर्व्हरवर त्याची नोंद काढून पुन्हा घाला.

लॉग-इनसाठी मोबाइलवर दिसणाऱ्या सहा आकडी कोडचंही असंच. ३० सेकंदांचा कोड, मागचा-पुढचा एकेक चालवून घेतला तर दीड मिनिटापर्यंत जिवंत. एकदा वापरलेला कोड पुन्हा स्वीकारू नये, असं २०११ च्या आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय. तरीही काही सर्व्हर तो आनंदाने पुन्हा घेतात. तुमचा घेतो का, हे बघायला अर्धं मिनिट पुरतं: ब्राउझरच्या एका खिडकीत लॉग-इन करा आणि तोच कोड लगेच दुसऱ्या खिडकीत टाका. आत गेलात, तर वाईट बातमी.

वेबवरही घाई नडते. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये, म्हणजे वेबसाइटशी होणारं बोलणं एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, ओळखीच्या पाहुण्याला पहिल्याच फेरीत बोलू देण्याची सोय आहे, पण त्या पहिल्या वाक्याची नक्कल अडवायची हमी प्रोटोकॉल स्वतः देत नाही. नुसतं वाचायचं असेल तर ठीक. काही बदलणारी विनंती अशी आली, तर '४२५, फार लवकर आलात' म्हणून परत पाठवावी. आणि लॅपटॉपवरून चोरलेली सेशन कुकी, म्हणजे लॉग-इन झाल्याची ब्राउझरमधली खूण, तर बोगदा-बिगदा काही विचारतच नाही, ती दुसऱ्याच मशीनवर बसून तुमच्या नावाने हजेरी लावते. तिला उपकरणाच्या किल्लीशी बांधा, आणि लॉग-आउट झालं की सर्व्हरवरूनही मारा. नुसती ब्राउझरमधून पुसली, तर चोराकडची प्रत ठणठणीत असते.

हे सगळं खरंच चालतंय का ते बघायची तऱ्हा अशी. प्रयोगशाळेतल्या गेटवेच्या, म्हणजे बोगद्याच्या ऑफिसकडच्या दाराच्या, बाहेरच्या अंगाला टीसीपीडंपने शंभर पॅकेटं टिपा आणि टीसीपीरिप्लेने लगेच पुन्हा सोडा. 'लगेच' महत्त्वाचं. सकाळी टिपून दुपारी सोडली, तर तोवर किल्ली बदललेली असते, गेटवे 'असा कुणी इथे राहत नाही' म्हणून पॅकेटं टाकून देतो, आणि आपण मात्र रिप्ले अडवला म्हणून अहवाल लिहून मोकळे. लिनक्सवर खिडकीबाहेरच्यांचा आणि अशा बेवारशांचा हिशेब वेगवेगळ्या ओळींत असतो, तेव्हा ओळ नीट बघा. रिप्लेच्या खिडकीचं माप शून्य नाही ना, तेही बघा, कारण शून्य म्हणजे पहारेकरी रजेवर. शंभर पॅकेटं सोडली की खिडकीच्या ओळीतला आकडा शंभरने वाढला पाहिजे. नव्व्याण्णवने वाढला, तर ते एक पॅकेट वाटेत हरवलं की आत शिरलं, हे रात्री उशिरापर्यंत शोधत बसायचं.