तीन वर्षांच्या हातात पेन्सिल द्यायची एवढी घाई कशाला?

शाळा सुरू झाल्या की विश्रामबागच्या बाजारात, लग्नात, जिन्यात, भेटतील तिथं आया मला एकच विचारतात, "टीचर, आमचं लिहायला कधी लागणार हो?" आणि पोरगं असतं तीन-साडेतीन वर्षांचं. मी इथं सांगलीत बालवाडीत शिकवते आणि आज स्पष्टच बोलते, एवढ्या लहान लेकराला दुरेघी वहीत अ आ इ गिरवायला बसवू नका. त्याचा हात अजून तयारच झालेला नसतो.

तयार नसतो म्हणजे काय, तर बघा, मूल आधी मान धरतं, मग बसतं, मग उभं राहतं, ताकद अशी वरून खाली येते आणि हातात ती खांद्याकडून बोटांकडं जाते, आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी. मनगटात ८ बारकी हाडं असतात, जन्मताना ती सगळी कूर्चेची, मऊ. तीन वर्षांच्या पोराचा एक्सरे काढला तर त्यातली जेमतेम निम्मी दिसतात, शेवटचं हाड दिसायला नऊ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त जातात. मग त्या मनगटाकडून दोन रेघांत बसणारा 'क' कसा मागायचा? पोरगं पेन्सिल मुठीत धरतं, खांद्यापासून हात हलवतं, कागद फाटतो आणि आई म्हणते लक्षच देत नाही. अहो जीव तोडून लक्ष देतंय ते!

मी वर्गात भुईमुगाच्या शेंगा आणते. परवा एका पोरीला शेंग काही फुटेना, दोन्ही अंगठ्यांनी दाबली, उलटी केली, मग टोक फरशीवर दाबलं तेव्हा कट् करून चिरली, दाणा काढून त्याची लाल साल चिमटीनं सोलत बसली, किती वेळ, मान वर नाही. (अख्खा दाणा लहान मुलांना खायला देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो, आम्ही कूट करूनच देतो.) हीच चिमटी पुढं पेन्सिल धरणार आहे. कणीक मळणं, मातीत खेळणं, बटण लावणं, झाडाला लोंबकळणं, हे सगळं लिहिण्याचंच काम आहे पण वहीत दिसत नाही म्हणून आपल्याला ते टाइमपास वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीत गरिबांच्या पोरांसाठी बालवाडी काढली ती खेळ, गाणी आणि आसपासच्या वस्तूंवरच चालायची. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणातपण पहिलीचं वय ६ पूर्ण आणि त्याआधी खेळातून शिक्षण असंच आहे, तरी आपण केजीतच दहा पानं होमवर्क मागतो.

दुसरी तक्रार, "आमचा कुणाला खेळणं देत नाही, एकटाच खेळतो." दोन वर्षांची पोरं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात, तसंच असतं ते. आपली पाळी येईपर्यंत थांबणं चौथ्या वर्षाच्या आसपास जमायला लागतं आणि तेही रोज चार पोरांत भांडून. मोबाईलवर ते भांडण होत नाही ना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, २ ते ४ वर्षांच्या मुलांना स्क्रीन दिवसात १ तासापेक्षा जास्त नको आणि हालचाल निदान ३ तास पाहिजे.

पण एक आहे, घाई नको म्हणजे दुर्लक्षही नको. दीड वर्ष झालं तरी चालत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, नावानं हाक मारली तरी वळून बघत नाही, तर "त्याचा बाबापण उशिराच बोलला होता" म्हणून घरी बसू नका. आधी कान तपासा, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा सरकारी डॉक्टरांची टीम तपासणीला येते, पैसे लागत नाहीत, अंगणवाडी ताईंना तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी पोराला घेऊन जाच.