डॉक्टरांचा नाताळ रिकामा जाऊ नये म्हणून

वर्षभर आपण प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जातो ते लस टोचायला, फार तर नखं कापायला. तेवढ्यावर त्यांचं कसं भागावं? निदान नाताळ तरी त्यांना बरा जावा, आणि ते सर्वस्वी आपल्या हाती आहे. घरात एखादं कुत्रं-मांजर असलं की बाकीचं सगळं सामान वसईच्या बाजारात मिळतं.

सुरुवात झाडावरच्या चंदेरी झिरमिळ्यांपासून करा. त्या अगदी खालच्या फांदीवर सोडा, मांजराचा पंजा सहज पोचला पाहिजे. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले काटे असतात. एकदा टोक तोंडात गेलं की थुंकायचं म्हटलं तरी थुंकता येत नाही, गिळतच जावं लागतं. मग एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा पोटात अडकतं, बाकीची माळ आतड्यात पुढे सरकते आणि लेंग्याची नाडी ओढावी तसं आतडं चुण्याचुण्या होऊन गोळा होतं. मांजर कोपऱ्यात गप्प बसून राहतं. आपण म्हणायचं, 'रुसलंय.'

आमची मनी गेल्या नाताळात अशी दोन दिवस रुसली होती. २४ तारखेच्या संध्याकाळी तिच्या शेपटीखाली चार बोटं चंदेरी टोक लोंबताना दिसलं. असं काही दिसलं की धरून ओढायचं, म्हणजे आतडं आतून चिरलं जातं आणि काम पक्कं होतं. मी ओढणारच होतो, पण आत्याने मनगट धरलं. म्हातारी माणसं सणासुदीला अशीच मोडता घालतात. डॉक्टर चर्चमधल्या मिस्सेसाठी घातलेल्या नव्या शर्टातच दवाखान्यात आले. त्यांची मध्यरात्रीची मिस्सा तेवढी हुकली.

कुत्रं असेल तर केक. या एका पदार्थात किती सोय आहे पाहा: मनुका, रम, जायफळ, वर चॉकलेट. १० किलोच्या कुत्र्याच्या हृदयाचे ठोके बिघडवायला १०० ग्रॅम डार्क चॉकलेट पुरतं. त्यातलं थिओब्रोमीन आपलं शरीर लवकर निकालात काढतं, कुत्र्याचं फार सावकाश. मनुकांचं मात्र लॉटरीसारखं आहे. एखादं कुत्रं मूठभर खाऊन शेपटी हलवत फिरतं, तर एखाद्याची मूत्रपिंडं थोडक्या मनुकांनी बसतात. हे का होतं ते बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. ते चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा केक संपला तरी आमटी आहेच. अशा वेळी घरात एक काका लागतात. 'एवढ्याशा तुकड्याने काय होतंय? आमचा टॉमी सगळं खायचा.' टॉमी किती वर्षं जगला ते विचारू नये.

सोरपोतेलमधला, म्हणजे सणाच्या डुकराच्या मटणातला, कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. पण त्याला दोन-चार दिवस लागतात, त्यामुळे सणाला कुणी बोल लावत नाही. शिजलेली हाडंही द्या. ती चावली की अणकुचीदार चिरफाळ्या होतात.

सावधगिरी अगदीच नको असं नाही. पॉइनसेटियाची लाल पानं 'जहरी असतात बाई' म्हणून ती कुंडी गच्चीवर नेऊन ठेवा. (त्या पानांनी फार तर लाळ गळते, एखादी उलटी होते.) मग मोकळ्या झालेल्या टेबलावर लिलीची फुलं मांडा. तिचे पराग मांजराच्या अंगावर पडले आणि ते मांजराने चाटले, एवढंही त्याची मूत्रपिंडं निकामी करायला पुरेसं असतं. मरगळ दिसलीच तर डॉक्टरांना फोन करण्याआधी पॅरासिटामॉल द्या. ती पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नसतेच, एका गोळीत भागतं.

राहता राहिली ३१ची रात्र. गल्लीत सरत्या वर्षाचा म्हातारा, म्हणजे फटाके भरलेला पुतळा, जळायच्या आधी कुत्र्याच्या गळ्यातला फोन नंबरचा पट्टा काढून लाल रिबन बांधा. फोटो छान येतात. आणि दार उघडं ठेवा.

आमच्याकडे यंदा उत्साह जरा कमी आहे. झिरमिळ्या नाहीत, लिली नाही, केक कपाटात कुलपात. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मात्र झालाय, मेंढपाळ आलेत, एका उंटाचा पाय फेविकॉलने चिकटवलाय. बाळ येशू २४च्या रात्री बारापर्यंत फ्रिजवर असतो, म्हणून गव्हाण रिकामी. तिच्यातल्या पेंढ्यावर मनी आडवी झालीय, टाके पडलेलं पोट वर करून. बारा वाजता तिला उठवायचं कुणी, यावर घरात दोन दिवस वाद चालू आहे. आत्या म्हणते, त्याला बाजूला ठेवा, जागा आहे.